दोन वीत, वर चार बोटं

पृथ्वीच्या पाठीवर आजवर मांजरकुळातली जेवढी जनावरं होऊन गेली, त्यांत सर्वांत मोठ्या डोक्याचं जनावर धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, मौजे माकणी इथं राहत होतं, यावर गेल्या उन्हाळ्यात तीन जाणकारांचं एकमत झालं होतं. तिघांपैकी एक सेवानिवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांना नीट दिसत नव्हतं. दुसरा कपडे शिवतो. तिसरा मी.

प्राध्यापक म्हणजे पंचाक्षरी सर. त्यांनी धाराशिवात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे मला प्राणिशास्त्र येत नाही. यात दोष सगळा माझा नाही. सरांचा तास गांडुळाच्या पचनसंस्थेवर सुरू व्हायचा आणि घंटा व्हायच्या सुमारास गुहेतल्या सिंहापाशी पोचलेला असायचा. गांडूळ मागंच राहायचं आणि थेट परीक्षेत भेटायचं.

सरांचा एक सिद्धांत होता. मांजरा नदीच्या काठच्या जुन्या गाळात हत्तीची आणि पाणघोड्याची हाडं सापडलेली आहेत, ही पुस्तकातली गोष्ट. (नदीच्या नावावरून विनोद करायचा नाही, असा वर्गात नियम होता.) तेरणा तिलाच जाऊन मिळते. मग ज्या खोऱ्यात एवढं खाणं हिंडत होतं, तिथं खाणारा कुणीच नसेल का? पंगत वाढलीय आणि जेवणारा नाही, असं कुठं असतं का, असं सर वर्गाला विचारायचे. वर्ग म्हणायचा, नसतं सर. जेवणारा मात्र एकतीस वर्षांत सापडला नाही. सर निवृत्त झाले, त्यांना शाल आणि नारळ मिळाला, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसानं गांडूळ पूर्ण शिकवायला सुरुवात केली.

आता सरांचं वय शहात्तर, आणि डोळ्यांत काचबिंदू. दिसण्याचं वर्तुळ कडेनं आत आकसत चाललेलं. आधी परातीएवढं दिसायचं, मग ताटलीएवढं, मग बांगडीएवढं. गेल्या मार्चमध्ये ते अंगठीएवढं झालं. त्या अंगठीतून सर जग बघायचे. एकदा कपाचा कान दिसायचा, एकदा माझं नाक. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते दिवाळीपर्यंत धरून चला.

इरम्माबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, घरी आल्यावर विचारलं की काय काय बघायचं राहिलंय ते सांगा, जाऊन येऊ. त्यांच्या मनात श्रीशैल होतं. सर म्हणाले, एकच राहिलंय. इथल्या मातीतलं, मोठ्या मांजराचं एक डोकं.

इरम्माबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दोन खडे बाजूला काढले आणि म्हणाल्या, "श्रीशैलला एसटी तरी जाते."

मे महिन्यात मी माकणीला गेलो. तिथं माझी काकू असते, सत्यभामाकाकू. वय सत्तरीच्या आसपास, उंची चार फूट आठ इंच, आवाज सहा फुटांचा. निम्न तेरणा धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली उतरलं की तळाचा काळा गाळ उघडा पडतो, आणि तो पट्ट्या-पट्ट्यांनी पेरायला मिळतो. त्याला गाळपेर म्हणतात. काकू दरवर्षी एक पट्टी घेते आणि टरबुजं लावते. जमीन अशी की बी टाकून मागं वळेपर्यंत वेल निघतो. पाऊस आला की पाणी चढतं आणि शेत परत धरणात जातं. वर्षातले सात-आठ महिने पाण्याखाली असणाऱ्या शेताकडं काकू जसं बघते, तसं मी कुणाला माहेरी गेलेल्या सुनेकडंही बघताना पाहिलेलं नाही.

त्या पट्टीच्या टोकाला बाभळीच्या दांड्यावर एक कवटी लावलेली होती.

आळी करताना गाळात सापडली, असं काकूनं सांगितलं. एरवी बुजगावण्याला मडकं लावतात, त्यावर चुन्यानं डोळे काढतात. काकूला आयती कवटी मिळाली, तिनं मडकं वाचवलं. कवटीला सगळीकडून चुना फासला, डोळ्यांच्या खाचांत काजळी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि काळा दोरा बांधला. खालचा जबडा नव्हता. पण वरून दोन सुळे असे लोंबत होते, की मी चार पावलं मागं सरकलो. वाकडे, काळपट, टोकाशी तासल्यासारखे.

मी म्हणालो, "काकू, दात लई मोठं हायत की."

"मग?" काकू म्हणाली. "मोठंच पायजेत."

मी उन्हाच्या दिशेनं उभा राहून फोटो काढला. त्यात कवटी काळी आली आणि ऊन चांगलं आलं.

धाराशिवला येऊन मी सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा शेजारी लालमहंमदही तिथं होता. लालमहंमद शिंपी आहे. कपडे शिवतो आणि आपल्या जुन्या व्हॅनमधून भूम, कळंब, येडशी असे आठवडी बाजार करतो. गळ्यात टेप नसेल तर तो आपल्याला ओळखू येत नाही. सरांनी फोटो अंगठीतून इंच-इंच बघितला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाले, बाईंना फोन लाव.

फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तिकडून वारा ऐकू येत होता.

"सत्यभामाबाई, कवटी किती लांब आहे?"

"मोजून सांगते." वारा. कुठंतरी टिटवी. "दोन वीत भरली. आन् वर चार बोटं."

"सुळे?"

"वीतभर. थोडं कमीच."

"वजनाला कशी आहे?"

"ओल्या पाट्यावानी जड हाय." मग तिनं आपणहून सांगितलं, की ही लावल्यापासून रानडुकरं फिरकली नाहीत.

"नाही फिरकणार," सर म्हणाले. "त्यांची जुनी ओळख आहे."

फोन ठेवल्यावर सरांनी हिशेब केला. वीत म्हणजे नऊ इंच. दोन वितींचे अठरा, चार बोटांचे तीन. एकवीस इंच, म्हणजे त्रेपन्न सेंटिमीटर. मग त्यांनी मला कपाटातली वही काढायला लावली आणि एक पान वाचायला सांगितलं. आजचा मोठा वाघ, छत्तीस सेंटिमीटर. स्मायलोडॉन, तलवारीसारखे सुळे असलेला, अमेरिकेतला, एकोणचाळीस. गुहासिंह, बेचाळीस. अमेरिकन सिंह, सेहेचाळीस. पान संपलं. सेहेचाळीसच्या पुढं वहीत काही नव्हतं. तिथं सरांनी तीस वर्षांपूर्वी एक रिकामी ओळ सोडलेली होती.

लालमहंमदनं विचारलं, "सर, वीत कुणाची?"

"वीत कुणाची नसते, लालमहंमद. वीत नऊ इंच असते. पुस्तकात आहे."

सरांनी आपला पंजा पट्टीवर पसरून दाखवला. बरोबर नऊ भरले. या एका गोष्टीमुळे पुस्तकावरचा त्यांचा विश्वास आयुष्यभर टिकला होता. लालमहंमद म्हणाला, पुस्तकात असंल, आमच्या धंद्यात मात्र वितीवर विजार शिवली की गिऱ्हाईक आणि विजार दोन्ही परत येत्यात. त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि माझं शिक्षण बी.एस्सी.पर्यंत झालेलं आहे.

सरांना त्या दिवशीच निघायचं होतं. पण लालमहंमदचे लग्नसराईचे कपडे अडकलेले होते, व्हॅन आठ दिवसांनी मोकळी होणार होती. एसटीतून जाऊन चालणार नव्हतं, कारण बरोबर सामान होतं. सामान सरांनीच काढलं. डोळ्यांवर भरवसा नाही, तर हातानं जुळवून बघायचं, म्हणून प्रत्येक मांजराच्या कवटीचा खऱ्या मापाचा आकार पुठ्ठ्यातून कापून न्यायचा. पुठ्ठे लालमहंमदच्या दुकानातल्या साड्यांच्या खोक्यांचे. सर वहीतली मापं सांगायचे, लांबी इतकी, गालाच्या हाडापाशी रुंदी इतकी, आणि लालमहंमद खडूनं आखून मोठ्या कात्रीनं कापायचा. अमेरिकन सिंह कापताना त्यानं शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडला. सरांनी विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, सवय.

असे चार पुठ्ठे झाले. पाचवा माकणीचा. तो दोन खोकी जोडून करावा लागला, आणि त्याच्या कपाळावर गुलाबी अक्षरांत एका साडीचं नाव आलं. पाचही डोकी बैठकीत पसरलेली असायची. इरम्माबाईंना सर म्हणायचे, सिंहावर पाय देऊ नका. त्या म्हणायच्या, मग सिंह उचला, मला पापड लाटायचेत.

ते आठ दिवस मला पुढं कधी नीट मोजता आले नाहीत.

मे महिन्यात दुपारी बारा ते चार धाराशिवमध्ये कुणी नसतं. घरं असतात, पंखे असतात, पण माणूस म्हणून कुणी नसतं. मी जेवून सरांकडं जायचो. खिडकीला ओलं पोतं लावलेलं असायचं आणि खोलीत हिरवट पाण्यासारखा उजेड. सर पाठीवर पडून, छातीवर एखादा पुठ्ठा, त्याच्या कडेवरून बोटं फिरवत. डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांना अंगठीची अडचण नव्हती, त्यांना सगळं रुंद दिसायचं. आणि जे दिसायचं ते सर हळू आवाजात सांगत राहायचे, झोपेत की जागेपणी हे विचारायची गरज मला वाटली नाही.

तेरणेला धरण नव्हतं. नदी एवढी पसरलेली, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक जांभळी रेघ. लव्हाळं माणसाच्या डोक्यापर्यंत उंच. पाण्यात पाणघोडे दगडांसारखे पडलेले, मधूनच एखादा दगड कान हलवायचा. ऊन तांब्याच्या भांड्यात ठेवल्यासारखं. मग बालाघाटाच्या उतारावरून ती खाली यायची, एकेक करून, पाणी प्यायला. भांडण नाही, घाई नाही. येऊन अंतर ठेवून बसायची आणि हनुवटी पंजांवर टेकायची. एवढं जड डोकं दिवसभर धरून ठेवायचा कंटाळा येतो, सर म्हणाले. स्मायलोडॉनला तोंड पूर्ण मिटता येत नसे, तो मान कलती करून एका बाजूनं पाणी प्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं थोडं सांडायचा. तो इथला नव्हे, मी म्हणालो, तो अमेरिकेतला ना? सर म्हणाले, पाहुणा आलाय.

सगळ्यांच्या शेवटी माकणीचं यायचं. ते आलं की बाकीची न सांगता सरकायची. ते थेट पाण्यापर्यंत जायचं आणि सरांकडं पाठ करून बसायचं. खांदे दिसायचे, कानांच्या मागचा काळा ठिपका दिसायचा, डोक्याचा तो प्रचंड घुमट दिसायचा. पण ते तोंड वळवायचं नाही. सर रोज वाट बघायचे. रोज चार वाजायचे, इरम्माबाई चहा आणायच्या, आणि नदी पोत्याच्या मागं जायची.

"आज वळलं का?" मी विचारायचो.

"कान हलवला," सर सांगायचे. "माहीत आहे त्याला, मी बघतोय ते."

चौथ्या-पाचव्या दिवसापासून हे खोलीत मावेना. मी दूध आणायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी अर्ध्या ओढलेल्या शटरच्या सावलीत एक पडलेलं होतं, लालमहंमदच्या व्हॅनएवढं, पोट सावकाश वर-खाली होत असलेलं. त्याच्या शेजारी एक गाय उभी होती. तिला काही वाटत नव्हतं. मी भिंतीला धरून बाजूनं गेलो. त्यानं एक डोळा उघडला, मी त्याच्या कामाचा नाही हे बघितलं आणि मिटला. परत येताना तिथं नुसती सावली होती, पण कोमट होती. लालमहंमदनं सांगितलं, की दुकानात कापड बेतताना हल्ली त्याची कात्री आपोआप गालाच्या हाडाकडं वळते. एका नवऱ्या मुलाच्या शेरवानीची पाठ त्यामुळं जरा सिंहासारखी झाली. गिऱ्हाईक खूश होतं. इरम्माबाई या सगळ्यातून बाहेर होत्या, असं मला वाटायचं. पण एका दुपारी त्यांनी सहज विचारलं, की गच्चीवर कोण फिरतंय? आम्ही म्हणालो, कुणी नाही. त्या वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, एका कोपऱ्यातले पापड दबलेत. त्यांनी त्याचा खुलासा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी तो कोपरा सोडून पापड घातले.

त्याच दिवसांत येडशीच्या रानात खराखुरा वाघ आल्याची चर्चा होती. बाजारात लोक मोबाईलवर पंजाचे ठसे दाखवत होते. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तो आत्ताचा आहे," आणि कूस बदलली.

नवव्या दिवशी आम्ही निघालो. सर पुढं बसले. त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता, आणि इरम्माबाईंनी कपाळावर भस्माची तीन बोटं लावून दिली होती. मागं कपड्यांच्या गठ्ठ्यांवर मी आणि पाच डोकी. इरम्माबाई आल्या नाहीत. निघताना त्यांनी सरांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनासारखं न्हाय निघालं, तर तिथंच सांगू नका त्यांना. घरी घेऊन या, मग मी बघते."

मी म्हणालो, मनासारखंच निघणार. मी मोजमाप ऐकलेलं आहे.

दोन तासांनी धरण आलं. पाणी खूप आत गेलेलं होतं. आधी वाळलेला गाळ, पापुद्रे सुटलेला. मग भेगाळलेला, मग ओलसर, मग हिरव्या वेलींचे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी, आकाशाचा एक तुकडा खाली पडावा तसं पाणी. त्यावर ऊन असं हलत होतं, की काठ कुठं संपतो आणि उन्हाची लाट कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. सर माझ्या दंडाला धरून गाळातून चालत होते. चप्पल हातात घेतली होती. म्हणाले, "हाच तो काठ. इकडून उतरायची."

काकू वाट बघत उभी होती. शेजारच्या पट्टीवरची दोन माणसंही आली होती, टोप्या काढून. तिनं सरांना नमस्कार केला, टरबूज फोडून पुढं केलं, आणि मग कवटी दांड्यावरून उतरवून पोत्यावर ठेवली. सर तिच्यासमोर मांडी घालून बसले. अंगठीतून त्यांनी आधी काय बघितलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक कुंकू. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, पुठ्ठे द्या. मोठ्यापासून.

मी माकणीचा दिला. सरांनी तो कवटीवर धरला. एक हात पुठ्ठ्याच्या कडेवर, एक हात हाडावर. पुठ्ठा कवटीच्या पुढं एवढा उरला, की त्याच्या सावलीत कवटी पूर्ण मावली. शेजारच्या पट्टीवरचा एकजण म्हणाला, आटलं असंल. सरांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. अमेरिकन सिंह. बाजूला ठेवला. गुहासिंह. स्मायलोडॉन. पाण्यावरून वारा येत होता आणि पुठ्ठे उडू नयेत म्हणून लालमहंमद एकेकावर टरबूज ठेवत होता. शेवटचा राहिला, आजचा वाघ. त्याची लांबी जुळली. बोटभरसुद्धा इकडं-तिकडं नाही. मग सरांचे हात रुंदीकडं गेले, आणि पुठ्ठ्याचे दोन्ही गाल दोन्हीकडं हवेत राहिले.

सरांनी पुठ्ठा माझ्याकडं दिला. आता त्यांची बोटं नुसती हाडावर होती. कपाळावरून पुढं, लांब, सरळ, खाली उतरत जाणाऱ्या नाकाडावरून. मग सुळ्याकडं. त्यांनी सुळा दोन बोटांत धरला. तो फिरला. सरांनी तो होता तसा परत फिरवून ठेवला.

काकू खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "बैलाची शिंगं साळली तवाचं शेंडं हायत ते. चिकणमातीनं बसवलं. दात नसल्यावर कोण भितंय, सर."

"चांगले बसवलेत," सर म्हणाले. "सत्यभामाबाई, तुमचा हात बघू."

काकूला वाटलं, हात बघून भविष्य सांगणार. तिनं पदराला पुसून पंजा पुढं केला. सरांनी तो आपल्या पंजावर ठेवला आणि तिला वीत पसरायला सांगितलं. तिचा अंगठा मळणी यंत्रात सापडून आखडलेला आहे, तो पुरता उघडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. इतकं माहीत होतं की आठवलं नव्हतं. सरांच्या तळहातावर तिची वीत पसरली, आणि त्यांच्या बोटांची दोन-दोन पेरं वर उरली. लालमहंमदच्या गळ्यात टेप होता. त्याचा हात टेपाकडं गेला आणि परत आला.

सर तो छोटा, खरबरीत हात थोडा वेळ धरून बसले.

"बरोबर मोजलंत तुम्ही," ते म्हणाले. "दोन वीत, वर चार बोटं. चूक काही नाही."

"मग लई जुनं जनावर हाय का?"

"हे जनावर इथं आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहे, बाई."

काकूचा चेहरा खुलला. म्हणाली, पायजे तर घेऊन जावा. सर म्हणाले, नको, ते कामावर आहे.

त्यानंतर सरांनी मला पाण्यापर्यंत न्यायला सांगितलं. तिथं ओल्या गाळावर ते बसले, पाय पाण्यात सोडून, आणि आमच्या मागं काकू आणि ती दोन माणसं येऊन उभी राहिली. कुणी विचारलं नव्हतं, पण सर सांगायला लागले. गांडुळाचा उल्लेख नव्हता. थेट मुद्द्यावर आले. नदी कुठपर्यंत होती, पाणघोडे कुठं पडायचे, कोण कुठून उतरायचं, कुणाचं डोकं किती होतं. सेहेचाळीस म्हणताना त्यांनी दोन्ही हात हवेत धरले, आणि त्या हातांच्या मधे जी जागा होती तिच्याकडं आम्ही सगळे बघत राहिलो. ऊन तिरपं झालं. पाणी तांब्यासारखं झालं. पलीकडचा काठ जांभळा झाला, आणि मी कुणाला सांगणार नाही, पण त्या काठावर ती बसलेली होती, अंतर ठेवून, हनुवटी पंजांवर. लालमहंमदही तिकडंच बघत होता. त्यानं टेपाचं एक टोक मुठीत घट्ट धरलं होतं. सर बोलायचे थांबले.

मग सर अगदी हळू म्हणाले, "योगीराज, वळलं ते."

"कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं आहे."

त्यांचे डोळे उघडे होते की मिटलेले, हे मी मुद्दाम बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मागं गठ्ठ्यांवर बसलो होतो. पुठ्ठे माझ्या मांडीवर होते, त्यांना टरबुजाचा वास लागला होता. वाटेतल्या उजनी गावाच्या अलीकडं सरांनी मान न वळवता विचारलं, "ती कवटी तू समोर उभं राहून बघितली होतीस ना रे?"

"हो सर."

"प्राणिशास्त्रात किती मार्क होते तुला?"

"एकेचाळीस."

"बरोबर," सर म्हणाले, आणि सीटला डोकं टेकून झोपले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इरम्माबाई दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पुठ्ठ्यांकडं बघितलं. त्यांनी सरांचे पाय धुतले, गाळ निघेपर्यंत, आणि मग विचारलं, "भेटलं का?"

"भेटलं," सर म्हणाले.

"किती मोठं?"

सरांनी दोन्ही हात पसरले. इरम्माबाईंनी त्या हातांमधल्या जागेकडं नीट बघितलं, मान हलवली आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. पुठ्ठे आता त्यांच्याकडंच आहेत. अमेरिकन सिंह पाण्याच्या पिंपावर बरोबर बसतो, शिवणीच्या अर्ध्या इंचासकट. वहीतली सेहेचाळीसच्या पुढची ओळ अजून रिकामी आहे. दिवाळी होऊन गेली.

कवटी रानडुकराची होती. उरलेली टरबुजं पुढच्या आठवड्यात डुकरांनी खाल्ली.